पंप गाडीत, आग भट्टीत

ओटमार लेनिक वारला तेव्हा त्याच्याबद्दल कोणीतरी चार ओळी लिहाव्यात असं सगळे म्हणाले, आणि कोणीच लिहिल्या नाहीत. मला नीट जमेल असं नाही. पण त्या दिवशी मी तिथे होतो.

आमच्या गावाबाहेर रशियन पलटणीची छावणी होती. तिथल्या बंबघराची, म्हणजे इमारती गरम ठेवणाऱ्या बॉयलरची, आग ओटमारने बावीस वर्षं सांभाळली. माणूस आमच्या गावचा, जर्मन. पण सैनिक आपल्या पद्धतीने बापाचं नाव जोडून त्याला ओटमार ब्रुनोविच म्हणत. त्र्याण्णवच्या फेब्रुवारीत पलटण मायदेशी निघाली. इमारती आमच्या सरकारला मिळणार, आणि पलटणीच्या यादीतली प्रत्येक वस्तू आगगाडीने जाणार. दारं, खिडक्या, दिव्यांची बटणंसुद्धा. मी दुभाष्या.

"संडासाची भांडीही नेताय?" ओटमारने सुभेदार होरोबेत्सला विचारलं.

"तिकडे तंबूत राहायचंय, ब्रुनोविच. बसायला काहीतरी हवं ना!"

बंबघराच्या वरच्या मजल्यांवर शेवटची सहा कुटुंबं होती. त्यांत होरोबेत्सची बायको, अकरा दिवसांच्या मुलीसह. बाहेर उणे चौदा. म्हणून संध्याकाळी गाडी सुटेपर्यंत भट्टी पेटती ठेवायची होती. पण ओटमार दुपारपासून ताबा देण्याच्या कागदांवर सह्या करायला वर अडकला होता.

सह्या संपल्या. मेजर दुदारेव म्हणाले, "आता बसा सगळे." प्रवासाला निघण्यापूर्वी मिनिटभर गप्प बसायचं, ही रशियनांची रीत. ओटमार एरवी त्यावर हसायचा. आज तोही एका पेटीवर टेकला.

खोली शांत झाली. ओटमारने मान वर केली.

"पंप वाजत नाही."

"बोलू नका हो, अपशकुन होतो," होरोबेत्स पुटपुटला.

"पंप कुठाय?"

"यादीत होता. तासाभरापूर्वी नळ बंद करून काढला. गाडीत चढलासुद्धा."

"आणि बंबावरची वाफेची झडप?"

"ती पितळी. तीही यादीत." होरोबेत्सचा चेहरा उतरला. "भोकाला मी बूच मारलं. लोखंडी."

खाली आग धडधडत होती, पंपाविना बंबातलं पाणी फिरत नव्हतं आणि वाफेला वाट नव्हती. हे मी मेजरांना सांगितलं. ते ओरडतच जिन्याकडे धावले, कुटुंबांना बाहेर काढायला. ओटमार खाली निघाला. होरोबेत्स मागोमाग.

"तू कुठे? बायकोला बघ!"

"मेजरसाहेब बघतायत. बूच माझं आहे."

मी जिन्यावरच थांबलो. तिथून बंब दिसत होता.

दाबाचा काटा लाल रेघेपार गेला होता. बंब कण्हत होता. होरोबेत्सने पाण्याची बादली उचलली.

"ठेव ती! गार पाणी टाकलंस तर आपण गाडीच्या आधी मॉस्कोला पोचू."

ओटमारने हवेची झडप लावली, भट्टीचं दार उघडलं आणि आकड्याने जळते निखारे फरशीवर ओढायला लागला. होरोबेत्स फावड्याने ते दूर सारत होता. ओटमारचे हातमोजे धुमसले, त्याने आकडा सोडला नाही. काटा हलेना. पुन्हा कण्हणं. मग काटा थरथरला, आणि केसभर खाली आला.

बाहेर बर्फात मेजरांच्या कोटात गुंडाळलेली ती मुलगी टाहो फोडून रडत होती.

पंप आणि झडप गाडीतून उतरवून परत बसवली, भट्टी पेटवली, तोवर पाच वाजले. मेजरांनी यादीतल्या त्या दोन ओळी स्वतः खोडल्या. मिनिटभर बसायची ती रीत अर्धवट टाकून जायला कोणी तयार नव्हतं, म्हणून सगळे पुन्हा बसले, या वेळी बंबघरातच. पालथ्या कोळशाच्या गाड्यावर, तळव्यांना ओली फडकी गुंडाळून, ओटमार सगळ्यांच्या आधी बसला होता.

कोणी बोललं नाही. पंप वाजत होता.