खुर्ची आधी, रक्त मागून

"चहा वाट आणि मागं उभी राहा. ऐकून ऐकून शिकशील." मुंबईहून आलेले सर माझ्या नलूला असं म्हणाले. रोह्याच्या कॉलेजच्या हॉलमध्ये, तीस जणांसमोर. नलू तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती, त्याच कॉलेजात. आमच्या कासूहून रोज रेल्वेने यायची. तिच्या हातात चहाचा ट्रे होता.

ही नव्वदनंतरची गोष्ट. आमच्या मिठागरांच्या गावांत पोरं पांढरीफटक पडून मरायची. पोट फुगायचं, अंगात रक्त ठरायचं नाही. माझे दोन मुलगे असेच गेले. एक चार वर्षांचा, एक सहाचा. मग या सरांचे लोक गाडी घेऊन आले. म्हणाले, हा रोग रक्तातून येतो, आईबापाकडून. घरोघर रक्त घेतलं, कोण कोणाचं ते लिहून घेतलं. दुसऱ्या वर्षी ती माहिती काँप्युटरवर कशी तपासायची, याचा पंधरा दिवसांचा वर्ग रोह्यात भरवला. शिकायला मुंबई-पुण्याची मुलं आली. नलूने अर्ज केला होता. भाऊ का गेले ते तिला स्वतः शोधायचं होतं. सर म्हणाले, "तू नमुन्यात आहेस. नमुन्याने शिकायचं नसतं."

आम्हा सहा बायकांना पुन्हा रक्त द्यायला बोलावलं होतं. शिकणाऱ्या मुलांना खुर्च्या होत्या, आम्हाला मागे सतरंजी. भिंतीवर आमच्या घराण्याचा तक्ता टांगला होता. बाईला गोल, पुरुषाला चौकोन. मेलेल्यावर काट. माझ्या पोरांचे दोन चौकोन मी लगेच ओळखले. नाव नव्हतं, नुसती काट.

सरांनी छडी एका गोलावर ठेवली. माझी जाऊ पारू, तिचा गोल. खाली नलूचा.

"या बाईने ही मुलगी आपली म्हणून सांगितली. काँप्युटर म्हणतो, रक्त जुळत नाही. खेड्यात कोण कोणाचं हे यांनाच ठाऊक नसतं. म्हणून यांच्या तोंडावर नाही, आकड्यांवर विश्वास ठेवायला शिका."

पोरं हसली. एकीने मागे वळून पारूकडे पाहिलं. पारूने पदर तोंडावर ओढला. "म्या काय केला गो?" ती मला हळूच म्हणाली.

तिने काही केलं नव्हतं. केलं होतं मी.

आमच्यात पोरं जगत नसली की पुढचं पोर दुसरीच्या ओटीत घालतात. मूठभर तांदूळ घेऊन तिला देऊन टाकायचं. मग ते तिचं. मरणाने दारात विचारलं तर सांगायचं, माझं नाही. मी नलूला पाचव्या दिवशी पारूच्या ओटीत घातली. दूध मी पाजलं, वाढवली मी, पण लोकांत ती पारूची नलू. शाळेतही पारूच्या नवऱ्याचंच नाव लावलं. रक्त घ्यायला माणसं आली तेव्हा मीच बोलले, "ती पारूची." गावाने माना हलवल्या. एकोणीस वर्षं मी पोरीला माझी म्हटलं नव्हतं. भीती वाटायची.

मी उठले. मी चौथी शिकलेली बाई, गुडघ्यापासून पायांना मिठाने भेगा पडलेल्या. अशा हॉलमध्ये कधी उभी राहिले नव्हते.

"ती माझी हाय," मी म्हटलं. "खोटं म्या सांगितलं. पारूला हसू नका."

आणि ओटीची सगळी गोष्ट सांगितली. सरांचा चेहरा उजळला. मला वाटलं, "माझं चुकलं" म्हणतील.

"उत्तम! हे सगळं लिहून घ्या," ते मुलांना म्हणाले. मग मला, "मावशी, आता तुम्ही दोघींनी परत रक्त द्या."

"देतो. पोरीला तिथं बसवा. खुर्चीवर."

"मावशी, हे शिक्षण तुमच्यासाठी नाही."

मी लुगड्याचा काष्टा खोचला. नलूच्या हातातला ट्रे घेऊन त्यांच्या टेबलावर ठेवला. "मंग रगत बी नाय तुमच्यासाठी." नलूला घेऊन आम्ही सहाही जणी बाहेर पडलो. कोणी अडवलं नाही. आधी घेतलेल्या रक्ताच्या बाटल्या त्यांच्याकडे होत्याच.

गाडीत नलू खिडकीकडे तोंड करून बसली होती. नागोठणं आलं तेव्हा बोलली, "आये, वर्ग गेला ना?"

"गेला."

"मना जमला असता तो. अर्धा तर मागं उभी राहून समजला होता."

माझ्या एका खोट्याने त्यांना हसायला जागा मिळाली. पण खुर्ची त्यांनी त्याआधीच नाकारली होती. हे दोन्ही मी कधी एकमेकांत मिसळत नाही.

नलू पदवी घेऊन बसली. तसा वर्ग पुन्हा जवळपास भरला नाही. ती आता पेणच्या एका लॅबमध्ये रक्ताच्या बाटल्या धुते. त्यातलं काय कसं मोजतात, ते दुसरेच पाहतात.

त्या वर्गाच्या पुढच्या वर्षी सरांची गाडी रक्त घ्यायला परत आली. मी बांधावर आडवी उभी राहिले, पारू माझ्या शेजारी. तेव्हा सांगितलं तेच आजही सांगते. आमच्यातली पोरगी त्या यंत्रापुढे बसेल, तेव्हा आम्ही हात पुढे करू. माझ्या मेलेल्या पोरांचं कोडं सोडवायचं असेल तर ते त्यांची बहीण सोडवेल. तोवर आमच्या घरातला एक थेंब मिळणार नाही.