भाऊरावांचे ऑल टेरेन टायर

पिकअपवाल्याचं निम्मं आयुष्य भाडं ओढण्यात जातं आणि निम्मं भाड्याची वाट बघण्यात. किस्से सगळे या दुसऱ्या निम्म्यात जमतात. आमच्या हसनाबादच्या स्टँडवर लिंबाच्या सावलीत गाड्या लावायच्या, समोरच्या टपरीवर चहा सांगायचा आणि बोलत बसायचं, हा आमचा धंदा. मधून मधून भाडंही मारतो! पण गेल्या साली पावसाळ्याच्या तोंडावर स्टँडवर एकच विषय होता. भाऊरावांच्या पिकअपला टायर कोणते घ्यायचे?

भाऊराव आमच्यात वयानं मोठे. त्यांची वस्ती डांबरी सोडून बरीच आत, शेतात. मधला रस्ता निव्वळ काळ्या मातीचा. पाऊस झाला की त्यावरून माणूस चालला तरी चप्पल तिथंच राहते. आणि त्यांच्या गाडीचे टायर झिजून, नक्षी जाऊन पार गोटा झालेले.

एरवी कुणी मनावर घेतलं नसतं. पण त्यांची एकुलती एक लेक ज्योती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिच्या सासूबाईंनी फोनवर गोड आवाजात सांगितलं, "आमच्याकडं डांबरी दारापर्यंत आहे. तुमच्याकडं चिखल असतो म्हणे! बघा बाई, जमतंय का."

हे 'जमतंय का' भाऊरावांच्या जिव्हारी लागलं. आम्ही म्हटलं, जालन्यात महिनाभर खोली करा, दवाखाना जवळ पडेल. भाऊराव भडकलेच. "माहेरपण कुठं खोलीत होऊन राह्यलं काय? माझी लेक माझ्या घरातून जाईल आन् माझ्याच गाडीत जाईल!"

त्यांच्या बायकोनं, कमलवहिनींनी, एवढंच विचारलं, "गाडी जाईल का पण?"

*

पहिला सल्ला माणिकचा. माणिक आमच्यातला विद्वान. त्याचं शिक्षण सगळं मोबाइलवर झालं. त्यानं व्हिडिओ काढून दाखवला. कुठल्या तरी परदेशात एक लाल पिकअप गुडघाभर बर्फातून डोंगर चढत होती.

"हे पहा ऑल टेरेन टायर! म्हंजी कुठंबी चालणारे. खोल नक्षी, जाड रबर. बिलकुल घसरत न्हाईत."

भाऊरावांनी चष्मा लावून व्हिडिओ दोनदा बघितला. मग मोबाइल परत दिला.

"हे बर्फावर चालून राह्यले. आपल्याकडं बर्फ फकस्त उसाच्या रसात ऱ्हातो!"

*

माणिकला स्वतःला हे ज्ञान आधीच भोवलं होतं. त्यानं कंपनीनं सांगितलेल्या मापापेक्षा मोठे टायर बसवले होते. गाडी चांगली वीतभर उंच झाली. हा स्टँडवर छाती काढून उभा!

दुसऱ्या दिवशी मोसंबीच्या बागेत गेला. तिथं क्रेट भरून गाडीत चढवायला बाया होत्या. त्यांच्या मुकादमीणबाईंनी गाडीचा उंच झालेला मागचा हौदा बघितला आणि डोक्यावरचं क्रेट खाली ठेवलं. "येवढ्या वर आमचा हात पोचत न्हाई. टायर उतरव, न्हाईतर तूच भर."

टायर कसे उतरवणार? माणिकनं डोकं चालवलं. फावडं मागितलं, मागच्या चाकांपुरते दोन खड्डे खणले आणि गाडी मागं घेऊन चाकं खड्ड्यात सोडली. हौदा बराबर खाली आला. बाया खूश, माणिक खूश. गाडी गच्च भरली.

आणि मग ती खड्ड्यातून निघेना! डोंगर चढणारे टायर, आणि स्वतःच खणलेल्या खड्ड्यात जागेवर फिरतायत. सगळी मोसंबी परत उतरवावी लागली. मुकादमीणबाई झाडाखाली बसून म्हणाल्या, "भौ, आता कुठं टायर शोभून दिसून राह्यले."

*

रफिकभाईंचं मत अगदी उलटं. ते जुने ड्रायव्हर. "टायर कायको बदलताय भौ? हवा कम करो, हवा! टायर पसरतो, चिखल धरतो."

हे खरंच आहे. पण रफिकभाईंनी आपला स्वतःचा किस्सा सांगायचं टाळलं, म्हणून मी सांगतो.

एकदा त्यांना शहागडचं लग्नाचं भाडं होतं. वऱ्हाड शेतातल्या वस्तीवरून उचलायचं, म्हणून त्यांनी हवा कमी केली आणि चिखलातून ऐटीत गाडी काढली. डांबरीला लागल्यावर हवा पुन्हा भरायची असते. ते विसरले! गाडी डुलायला लागली. मागं बसलेल्या बाया ओरडायला लागल्या, "ड्रायव्हर पिऊन आलाय, गाडी थांबवा!"

रफिकभाई आयुष्यात चहाच्या पुढं गेलेले नाहीत. जालन्यात चौकात पोलिसानं गाडी अडवली, फुंकर मारायला सांगितली. वास आला वेलदोड्याचा. मग पोलिसानं वाकून चाकांकडं बघितलं.

"जा चाचा. तुम्ही न्हाई, तुमचे टायर पिऊन आलेत!"

*

शेवटी ठरलं की जालन्याला जाऊन प्रत्यक्ष बघायचं. मी आणि भाऊराव तिथल्या मस्तगड भागात एका टायरच्या दुकानात गेलो. शेठ पांढऱ्या शुभ्र शर्टात. त्यांनी तीन तऱ्हेचे टायर मांडले. एक निव्वळ हायवेचा, एक निव्वळ चिखलाचा आणि मधला ऑल टेरेन. "हायवेचा तुमच्या रस्त्यावर घसरेल. चिखलाचा डांबरीवर आवाज करेल आणि लवकर झिजेल. तुम्ही दोन्हीकडं चालवता, तर मधला घ्या."

सल्ला सरळ होता. पण भाऊराव बियाणंसुद्धा दातानं फोडून बघणारे गृहस्थ! त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकचं पुडकं काढलं आणि सोडलं. आत वस्तीच्या रस्त्यावरचा काळा चिखल, घरून कालवून आणलेला!

"अहो काका, काय करताय? नवा माल आहे!"

भाऊरावांनी ऐकलंच नाही. प्रत्येक टायरच्या नक्षीत अंगठ्यानं चिखल दाबायचा, मग वरून थाप मारायची आणि कुठला टायर चिखल सोडतो ते बघायचं. "जो टायर चिखल धरून बसला, तो पुढं गोटाच की! सोडला पाह्यजे, तव्हाच पुढची पकड मिळते."

हायवेच्या टायरला चिखल तसाच बसला. चिखलाच्या टायरनं लगेच सोडला, पण तो डांबरीवर झिजणार. ऑल टेरेनला पहिली थाप मारली, थोडा हलला. दुसरी जोरात मारली आणि सगळा गोळा सुटला. थेट शेठच्या छातीवर!

शेठनी शर्टाकडं बघितलं, भाऊरावांकडं बघितलं. भाऊराव एवढंच म्हणाले, "हेच द्या."

*

चारही टायर घरी आले. रिमवर चढवायचे तेवढे बाकी. कमलवहिनींनी त्यांना हळदकुंकू वाहिलं. आणि मग भाऊरावांनी ते उचलून आतल्या खोलीत, गुरांच्या ढेपीच्या पोत्यांशेजारी नेऊन ठेवले!

"बसवत न्हाई व्हय?" मी विचारलं.

"पाऊस कुठाय? कोरड्या डांबरीवर फुकट झिजतील. पाऊस लागला की बसवू."

पावसानं त्या साली ओढ दिली होती, हे खरं. आणि खोटं कशाला बोलू, आम्हाला सगळ्यांनाच ते पटलं! नवा कपडा आपण लग्नाला ठेवतो, नवी भांडी पाहुण्याला ठेवतो, तसे नवे टायर चिखलाला ठेवायचे. माणिक म्हणाला, बराबर आहे. रफिकभाई म्हणाले, एकदम बराबर.

फक्त कमलवहिनी म्हणाल्या, "पाऊस काय आधी फोन करून येतो?"

*

पाऊस आला श्रावणात. रात्रभर झड लागली आणि सकाळी भाऊरावांचा फोन, "दत्ता, ज्योतीला कळा सुरू झाल्या. लवकर या रे!" त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

मी, माणिक आणि रफिकभाई, आम्ही तिघं आमच्या गाड्या डांबरीवर सोडून अनवाणी पळालो. दारात पिकअप उभी, खाली तेच गोटा टायर. रिमवर टायर चढवत बसायला वेळ कुणाला होता? शेजारच्या वस्तीवरचा ट्रॅक्टर दुरुस्तीला गेला होता. ॲम्ब्युलन्सला फोन लावला, ती येणार डांबरीपर्यंत, आणि तीही दुसरा पेशंट सोडून झाल्यावर. माणिक म्हणाला, बाजेवर घालून खांद्यावर नेऊ.

ज्योती दाराची चौकट धरून उभी होती. तशातही कडाडली, "बाजेवर? मी मेले का काय?"

भाऊराव नुसते अंगणात उभे. भिजतायत. "माझ्यानं झालं हे. ज्योतीची सासू बराबर बोलत होती. न्हाई जमलं मला."

तेवढ्यात कमलवहिनी ओरडल्या, "रिकामी गाडी चिखलात नाचते म्हणून तुम्हीच सांगता ना? मंग भरा की! जे घरात असंल ते टाका मागं!"

सगळे भानावर आले. मागच्या चाकांवर वजन पडलं तर गोटा टायरसुद्धा थोडा धरतो, हे स्टँडवरच्या प्रत्येकाला माहीत होतं. सुचलं तेवढं कुणालाच नव्हतं. रफिकभाईंनी चाकांची हवा कमी केली. ढेपीची पोती चढवली. त्यावर चारही नवे टायर टाकले. त्याही घाईत भाऊरावांनी टायरवर ताडपत्री पसरली! आणि शेवटी आम्ही तिघं मागच्या फळीवर उभे राहिलो.

ज्योती आणि वहिनी पुढं बसल्या. भाऊरावांनी गाडी पहिल्या गिअरला टाकली आणि डांबरी येईपर्यंत ना थांबले, ना मागं बघितलं. ओढ्याजवळ चाक जागेवरच फिरायला लागलं. आम्ही तिघं फळीवर एकदम उड्या मारायला लागलो. आतून ज्योतीचा आवाज आला, "काका, आणखी जोरात!"

गाडी सुटली. डांबरी लागली. रफिकभाईंनी सगळ्यात आधी त्यांच्या गाडीतला पंप आणून हवा भरली. या वेळी विसरले नाहीत.

दुपारच्या आत जालन्याच्या दवाखान्यात सिस्टर बाहेर आल्या. "मुलगी झाली. आई-बाळ दोघी चांगल्या आहेत."

भाऊराव पायरीवर बसले आणि दस्तीत तोंड खुपसून लहान पोरासारखे रडले. माझंही भरून आलं. सकाळपासून छातीवर ठेवलेलं पोतं कुणीतरी उतरवून घेतलं, एवढं हलकं वाटलं. माणिक जिलेबी आणायला पळाला.

इतक्यात भाऊरावांचा फोन वाजला. ज्योतीच्या सासूबाई. भाऊरावांनी डोळे पुसले, खाकरून घसा साफ केला आणि स्पीकर लावला.

"अभिनंदन हो! नात झाली म्हणे. पण येवढ्या पावसात आणली कशी तुम्ही तिला? त्या रस्त्यानं?"

"त्यात काय विहीणबाई, नवीन टायर घेतले ना! ऑल टेरेन."

"हो का? आणि मग चांगले निघाले का टायर?"

भाऊरावांनी उठून समोरच लावलेल्या पिकअपच्या हौद्यातल्या ताडपत्रीचं टोक उचललं, आत बघितलं आणि ठणकावून सांगितलं, "एक नंबर! येवढ्या रस्त्यानं आलो, पण चिखलाचा एक ठिपका लागला न्हाई त्याहिला!"