मामा आणि मेलेल्या मोटारी

भर बाजारात मला मान खाली घालायला लावणारा माणूस अख्ख्या सोलापुरात एकच होता, आणि दुर्दैवाने तो माझा सख्खा मामा होता. मी खादी घालून चौकात विलायती मालावर बहिष्काराची पत्रके वाटत असे, आणि मामा आपल्या विलायती मोटारीचा भोंगा वाजवीत, त्याच गर्दीतून करकंबच्या उतारूंना हाका मारीत जाई. वर मलाच म्हणे, "बस मागं. पत्रकं करकंबलाबी वाटू की." मी त्याला परक्या यंत्राचा गुलाम म्हटले, तर तो शांतपणे म्हणाला, "भाच्या, इतकी वर्सं आपली धूळ खाल्ली तिनं. आता परकी कशी रं?"

पण खरी लाज भवानी पेठेच्या टोकाला होती. तिथे सगळे ज्याला चाचा म्हणत त्या भंगारवाल्याचे मोडक्या मोटारींचे आवार होते. मामाची मोटार सारखी अंग टाकी आणि तो जुना भाग शोधायला मला ओढून नेई. इतर ड्रायव्हर हवे ते काढून घेत आणि जात. मामा मात्र मयताला गेल्यासारखा जाई. चपला काढी, मेलेल्या गाडीच्या टपावर हात ठेवी आणि विचारी, "ही कुणाची? कशानं गेली?" जिच्यात माणूस दगावला त्या गाडीचा तो खिळाही घेत नसे, जिच्यातून नवरी घरी आली तिचा फुटका दिवाही आनंदाने नेई. चाचाने हे ओळखले होते. "इसमें तो दुल्हनांच बैठे, मामू," हे त्याचे ठरलेले उत्तर. समोरून पार चेपलेल्या एका गाडीबद्दल मी जाब विचारला, तेव्हा चाचा म्हणाला, "बरात जरा जोर में थी." मी दोघांना अंधश्रद्धेवर व्याख्यान दिले. मामा म्हणाला, "चा निवतोय. पी, मग बोल."

पुढे चाचा थकला आणि आवार मुलाच्या हाती आले. त्याने सगळ्या गाड्या खोलून सुट्या केल्या. दिवे एका ढिगात, स्प्रिंगचे पाटे दुसऱ्यात, भोंगे दोरीला कांद्यांसारखे टांगलेले. बोट दाखवायचे, उचलायचे, चालू लागायचे. मामाने एकदा विचारले, "ह्यो पाटा कुणाच्या गाडीचा?" तो म्हणाला, "पाटा है मामू. पाटे का क्या नाम-गाम?"

मग करकंबच्या रस्त्यावर नव्या मोठ्या मोटारी आल्या, मामाला उतारू मिळेनात, आणि त्याची गाडीच त्या आवारात गेली. त्यानंतर मामा रोज तिच्या सांगाड्याशेजारी डब्यावर बसून राही. तिचा कुठलाही भाग नेणाऱ्याने एकदा तरी ती कुणाची म्हणून विचारावे, एवढीच त्याची इच्छा. कोणी विचारले नाही.

मी त्याला घरी न्यायला गेलो, त्या दिवशी जेऊरचा एक ड्रायव्हर तिचा भोंगा काढून निघाला होता. मामाला राहवेना. "न्या, पर आदी ऐका. मोहोळच्या वाटंला एक बकरं मेलंय हिच्याखाली. चूक माजी व्हती. धनगराची पोरगी लई रडली."

ड्रायव्हरने भोंगा टपावर ठेवला आणि दोरीवरचा दुसरा घेतला.

"धंदा बिठाते क्या, मामू?" चाचाचा मुलगा ओरडला. "कल से नक्को आओ." भोवतालचे लोक हसले. माझ्या काखेत पत्रके होती. जमीन दुभंगावी असे वाटले.

"खोटं बोललो असतो तर भोंगा गेला असता की," मामा खाली बघत म्हणाला. "पर हिच्यासमूर कसं बोलू?" आणि धोतर झटकून तो चपला शोधू लागला.

त्याने एक चप्पल पायात घातली, तेवढ्यात मी पत्रके डब्यावर ठेवली. तो विलायती भोंगा उचलला. चौकातल्या सभेत लावतो तोच आवाज लावला. फक्त मान वर होत नव्हती.

"मामा, ही गाडी कुणाची होती?"

मामाने माझ्याकडे पाहिले. पायातली चप्पल पुन्हा काढली आणि टपावर हात ठेवला.

"बस," तो म्हणाला, "लई लांबचं हाय."