नऊची मिस्सा

गेल्या वर्षी सप्टेंबरातल्या एका रविवारी आमच्या देवळात मी भाषण ठोकलं. आम्ही उरणकडचे ख्रिस्ती चर्चला देऊळच म्हणतो. फादरांनी तरुण मंडळींसाठी शिबिर ठेवलं होतं आणि विषय होता विज्ञान, तंत्रज्ञान आणि आपली श्रद्धा यांचा मेळ कसा घालायचा. बोलायला कोण, तर मी. न्हावा शेवा बंदराजवळ रसायनांच्या मोठमोठ्या टाक्या आहेत, तिथली मीटरं तपासायचं माझं काम, आणि तरीही मी रविवारी मिस्सेला, म्हणजे देवळातल्या उपासनेला, येते, एवढीच माझी पात्रता. वासरांत लंगडी गाय शहाणी. चांगली तासभर बोलले. म्हटलं, यंत्र खोटं बोलत नाही, खोटं बोलतो तो माणूस. टाळ्या पडल्या. त्याच सकाळी मी माझ्या आईला खोटी मिस्सा दाखवून आले होते.

हे सगळं जूनमध्ये सुरू झालं. आईला अर्धांगवायूचा झटका आला आणि डावी बाजू गेली. बोलणं जड झालं, पण डोकं शाबूत होतं. फार शाबूत होतं, हे मला उशिरा कळलं.

आईने तीस वर्षं वेदीवरची फुलं लावली. शनिवारी दुपारी परसातली आणि शेजाऱ्यांकडची फुलं गोळा करायची, बादलीत पाणी घालून देवळात न्यायची, वेदीचं कापड बदलायचं, आणि मग एकेक दांडी लांबून बघत लावायची. लहानपणी ती बादली माझ्या हातात असायची. पाणी पायांवर सांडायचं, मुंग्या चावायच्या, आणि आई म्हणायची, "देवाच्या फुलांना कुरकुरू नको, बाय." मी कुरकुरायचे. फुलांचा मला तेव्हापासून जो कंटाळा आला तो आलाच. पुढे इंजिनिअरिंगला गेले, नोकरी लागली, लग्न काही जमलं नाही, आणि देवळात मागच्या बाकावर बसून छताचे पंखे मोजण्यापुरती माझी भक्ती उरली.

लॉकडाऊनमध्ये देऊळ बंद झालं तेव्हा मात्र माझा भाव वधारला. मिस्सा घरोघरी टीव्हीवर दिसावी म्हणून कॅमेरा, माईक, नेट, सगळं मी बसवलं. कॅमेरा मधल्या वाटेच्या टोकाला, समोर वेदी, वेदीपुढे फुलं, उजवीकडे वाचनाचा स्टँड. सकाळी सातच्या मिस्सेला देवळातल्या माणसाने फक्त एक बटण दाबायचं. जुन्या मिस्सा महिन्याभराने आपोआप पुसल्या जातील अशीही सोय मी करून ठेवली. देवाचं माहीत नाही, पण देवळाला माझा उपयोग झाला, याचं मला आतून बरं वाटायचं.

आता अंथरुणाला खिळलेल्या आईसाठी तीच मिस्सा मी घरच्या टीव्हीवर लावू लागले. दर वेळी ती विचारायची, "लाईव हाय ना?" हा शब्द ती लॉकडाऊनमध्येच शिकली होती. रेकॉर्डिंग बघून मिस्सा होत नाही, चालू असेल तरच आपण तिच्यात असतो, असं फादरांनी तेव्हा सांगितलेलं तिने पक्कं धरलं होतं.

आमच्याकडे देवळाच्या दाराशी एक लाकडी पेटी आहे. घरात कोणी आजारी असेल तर चिठ्ठीवर नाव लिहून तिच्यात टाकायचं. मिस्सेत फादर ते नाव घेतात आणि सगळं देऊळ त्या माणसासाठी प्रार्थना करतं. रिवाज असा, की आपलं नाव आपण टाकायचं नाही. घरच्याने टाकावं, नाहीतर शेजाऱ्याने.

जुलैत एका रविवारी आईचं नाव आलं. आदल्या दिवशी आईने हट्टाने माझ्याकडून विहिरीजवळचा सोनटक्का कापून घेतला होता आणि फुलं न्यायला आलेल्या मठातल्या सिस्टरांच्या हाती दिला होता. चिठ्ठीही त्यांनीच टाकली असणार. फादर म्हणाले, आपल्या वेदीला तीस वर्षं फुलं लावणारी बहीण आजारी आहे, तिच्यासाठी प्रार्थना करू या. आईचं नाव घेतलं. सगळ्या देवळाने मागे म्हटलं. आईच्या उजव्या डोळ्यातून घळाघळा पाणी आलं. डाव्यातून येईना. "आठवन हाय गो माझी," ती म्हणाली. त्या दिवशी ती वाटीभर पेज जेवली, औषधाला नाही म्हणाली नाही, उजव्या हाताने स्वतः केस सारखे केले.

पुढच्या रविवारी नाव आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. दोन्ही दिवस ती भिंतीकडे तोंड करून पडली आणि पेज तशीच राहिली. मला राग आला. देवळाचा, फादरांचा, फुलं वाहण्यात गेलेल्या तिच्या तीस वर्षांचा. मग मी मला येतं ते केलं.

जुलैची ती मिस्सा पुसली जाण्याआधी मी त्यातला प्रार्थनेचा तुकडा काढून ठेवला. आईला सांगितलं की आता मिस्सेची वेळ नऊची झाली. देऊळ घरापासून तीन किलोमीटर, मधल्या रस्त्यावर कंटेनरच्या ट्रेलरांची घरघर, घंटा काही ऐकू येत नाही. सातला आतल्या खोलीत दार लावून लॅपटॉपवर मिस्सा उतरवून घ्यायची, प्रार्थनेच्या जागी तो तुकडा बसवायचा, आणि नऊला टीव्हीवर लावायची. वाचनं त्या दिवसाची, प्रवचन त्या दिवसाचं, तेवढी प्रार्थना जुलैची. पावसाळाभर उपासनेचा रंग हिरवाच असतो, त्यामुळे फादरांचा झगा जुळायचा. पंख्यांची घरघर मी जुळवली, उजेड जुळवला, फादरांचा खोकला कापला. जोड बेमालूम झाली होती. माझी मलाच शाबासकी वाटायची.

कामावर नव्या पोरांना मी एक गोष्ट घोकून घेते. मीटर बंद पडलं तर भिऊ नका, ते दिसतं. भ्यायचं ते आकडा अडकला तर. टाकी भरत जाते आणि मीटर आपलं कालचा चांगला आकडा दाखवत बसतं. माणूस निवांत चहा पितो. हे सांगताना मी टेबलावर हात आपटते. आणि रविवारी सकाळी आठ वाजता कानाला हेडफोन लावून जुलैची प्रार्थना ऑगस्टमध्ये चिकटवत बसायचे. दोन्ही कामं मीच करत होते आणि मला त्यात काही विसंगत वाटलं नाही, हे आज लिहितानाही लाज वाटते.

आई मिस्सा बघायची. प्रार्थना आली की टीव्हीकडे टक लावायची. आता रडायची नाही. पेजही पुन्हा कमी झाली होती, पण आजार आहे, म्हटलं, चढउतार असायचाच. "लाईव हाय ना?" हे विचारणं तिने कधी सोडलं ते माझ्या लक्षातच आलं नाही.

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना घरी ख्रिस्तप्रसाद मिळतो. एरवी सिस्टर यायच्या, कामापुरतं बोलायच्या आणि पुढच्या घरी जायच्या. ऑक्टोबरात त्यांना ताप होता म्हणून फादर स्वतः स्कूटरवरून आले. मी टेबलावर पांढरं कापड घातलं होतं, मेणबत्ती, क्रूस, पाण्याचा पेला ठेवला होता. आईने प्रसाद घेतला, डोळे मिटले, आणि बऱ्याच वेळाने म्हणाली, "फादर, माझ्यासाठी प्रार्थना केलीत. देव तुमचं बरं करो."

फादरांनी जरा आठवून पाहिलं. "ती जुलैत ना, मावशी?"

"फादर, चहा टाकू?" मी मध्येच ओरडले. प्रसादानंतरच्या त्या शांततेत एरवी आमच्याकडे कोणी श्वाससुद्धा मोठ्याने घेत नाही. आईने डोळे उघडले नाहीत.

फाटकापाशी फादरांनी विचारलं, "ताई, काय झालं?" मी सगळं सांगितलं. वाटलं, रागावतील. पवित्र मिस्सेची मी कात्री लावून गोधडी केली होती, रागावायला हवंच होतं. वसईकडचा तिशीतला माणूस तो, त्याने हातातलं हेल्मेट परत स्कूटरच्या सीटवर ठेवलं.

"पण पेटीत चिठ्ठी का नाही टाकलीत?" ते म्हणाले. "दर आठवड्याला टाकली असती तर मी दर आठवड्याला नाव घेतलं असतं. मला मेसेज केला असता तरी चाललं असतं."

त्या पेटीशेजारूनच मी कॅमेऱ्याची वायर आत नेली आहे. महिन्यातून एकदा मी तिथे वाकून जोडणी तपासते. सिस्टरांनी एकदा टाकलेल्या चिठ्ठीच्या तुकड्यावर मी दोन महिने राबले, आणि एक चिठ्ठी स्वतःच्या हाताने लिहायचं माझ्या डोक्यात आलं नाही. देवापुढे हात पसरायचा म्हणजे मागच्या बाकावरून उठून पुढे यावं लागतं, ते मला नको होतं, असं आता वाटतं. यंत्रापुढे बसलं की काही मागावं लागत नाही.

घरात आल्यावर पहिल्यांदा मी तो तुकडा लॅपटॉपवरून पुसला. कायमचा, परत काढता येणार नाही असा. पाप धुतल्यासारखं वाटलं.

त्या रविवारी मी आईला सातलाच उठवलं. वेळ परत सातची झाली, असं शेवटचं खोटं बोलले. या वेळी टीव्हीवर जे होतं ते देवळात त्याच क्षणी घडत होतं. फादरांनी आईचं नाव घेतलं. खरोखर घेतलं, आणि सगळं देऊळ मागे बोललं. मी आईकडे बघत होते. ती टीव्हीकडे बघत होती.

"आज फुलं बदलली न्हाईत," ती म्हणाली.

मला कळेना. तिने चांगला हात वर करून पडद्याकडे दाखवलं. वेदीपुढे बाजारातला झेंडू होता. "एरवी सगली मिस्सा झेंडू नायतर ती प्लास्टिकवानी फुलं. प्रार्थना आली की सोनटक्का. प्रार्थना संपली की परत झेंडू. माझ्या परसातली फुलं मला कलनार न्हाईत?"

मी तिच्या पलंगाशी खाली बसले. पंख्यांची घरघर जुळवली होती मी. झगा जुळवला होता. फुलं माझ्या नजरेत भरलीच नव्हती.

"तुला पहिल्यापासून माहीत होतं?"

"व्हय."

"मग बोलली का नाहीस?"

ती सावकाश बोलायची, एकेक शब्द ओढून आणावा तशी. "तू सकालपासून दार लावून बसायचीस. माझ्यासाठीच करतेस, हे काय कलत न्हाय? म्हटलं, करू दे. पन सोनटक्का दिसला की कलायचं गो, आज पन कोनी चिठ्ठी टाकली न्हाय."

कोणी म्हणजे कोण, ते तिने सांगितलं नाही. घरात मी एकटीच होते. तिची आठवण राहावी म्हणून मी जे जे लावत गेले, त्याने दर रविवारी नऊ वाजता तिला एकच गोष्ट कळत होती, की तिला कोणी आठवलेलं नाही. आणि शुक्रवारी तिने फादरांचे आभार मानले ते एकाच प्रार्थनेचे, खऱ्या झालेल्या एका प्रार्थनेचे. चोराच्या मनात चांदणं, म्हणून मी चहासाठी ओरडले.

मिस्सा संपल्यावर मी टीव्ही बंद करायला उठले, तर ती म्हणाली, "ती जुनी लाव ना जरा. आता खरं काय ते कललं, तर बघायला हरकत न्हाय. फुलं बघायची हायेत."

मी खिडकीतून विहिरीकडे पाहिलं. सोनटक्क्याचा बहर केव्हाच सरला होता, नुसती पानं उभी होती, तीही टोकाला पिवळी. देवळाच्या साठ्यातली जुलैची मिस्सा माझ्याच सोयीने ऑगस्टातच पुसली गेली होती. उरला होता तो माझा तुकडा, आणि तो मी दोन दिवसांपूर्वी निर्मळ व्हायला म्हणून नष्ट केला होता.

"नाही गं आये," मी म्हटलं. "पुसून टाकली मी."

तिने माझ्याकडे बघितलं. चिडली असती तर बरं झालं असतं. "बरं," म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

नाताळच्या आधी ती गेली. तोवरच्या प्रत्येक शनिवारी मी पेटीत चिठ्ठी टाकली आणि प्रत्येक रविवारी तिचं नाव आलं. ती ऐकायची, आमेन म्हणायची. पण जुलैतल्यासारखी रडली नाही, वाटीभर जेवलीही नाही. एवढ्या उशिरा आलेली आठवण तिला पुरली की नाही, मला माहीत नाही.

या पावसाळ्यात विहिरीजवळचा सोनटक्का दाट फुलला. शनिवारी दुपारी मी बादलीत पाणी घालून तो देवळात नेते. पाणी पायांवर सांडतं. मला फुलं लावता येत नाहीत, दांड्या वाकड्या बसतात, सिस्टर हसून सारख्या करतात. रविवारी सातला मी घरी टीव्ही लावते. प्रार्थनेच्या आधी, प्रार्थनेच्या वेळी आणि प्रार्थनेनंतरही वेदीपुढे सोनटक्काच असतो, आणि आमच्या घरात तो ओळखणारं कोणी नाही.