जाळ्याचा वाटा

आज शाळेत माझं डोकंच फिरलं, म्हणून बसमध्ये बसल्याबसल्या लिहून राह्यली.

मी सावली तालुक्यातल्या एका गावात सातवीला गणित शिकवते. आज तपासणीला साहेब आले. खिडकीतून तलाव दिसला, तर त्यांनी स्वतःच गणित घातलं, "चार जणांनी चाळीस किलो मासे धरले आणि सारखे वाटले. प्रत्येकाला किती? समीकरण मांडा."

रोशनीच्या घरी मासेमारी चालते. तिने फळ्यावर लिहिलं, 5x = 40, म्हणून x = 8.

साहेब हसले. "माणसं चार, मग पाच कुठून आले? इथल्या पोरांना बीजगणित झेपतच नाही."

रोशनी म्हणाली, "सर, चार वाटे माणसायचे अन् एक जाळ्याचा. जाळ्याशिवाय मासा येते का?"

"मॅडम, चूक द्या हिला."

"नाई देत," मी म्हटलं. "तुम्ही जाळ्याले न विचारताच मासे वाटून टाकले, साहेब."

त्यांनी माझ्याविरुद्ध शेरा लिहिला. लिहू द्या. रोशनीच्या वहीत मी लाल पेनानं पानभर मोठी बरोबरची खूण केली.

आता सांगा, ती खोडायची हिंमत कोणात आहे?