सात ते नऊचा दर

पंख्याची घरघर जरा मंदावली, की आमच्या शेजारच्या काकू तरातरा गॅलरीत यायच्या आणि ओरडायच्या, "ओ भाभी, किसका इस्तरी चालू है? हमारे ह्यांका पंखा मरने लगा!" त्यांचं हिंदी म्हणजे काय विचारता! पण शांती नगरातल्या आमच्या चारही बिल्डिंगींना ते नेमकं कळायचं.

काकांना जुना दमा. टेबलफॅनचा झोत तोंडावर असला, तरच त्यांना श्वास पुरायचा. आणि चार बिल्डिंगींत ट्रान्सफॉर्मर एकच, तोही बिल्डरने कसाबसा टेकवलेला. संध्याकाळी सगळे घरी आले की त्याचा जीव मेटाकुटीला यायचा. नवा हवा असेल तर रहिवाशांनी वर्गणी काढा, असं वीज ऑफिसातून सांगितलेलं. वर्गणी म्हटल्यावर सगळ्यांची तोंडं बंद!

मग काकूंनी स्वतःच दर लावला. दुपारी इस्त्री करा, मिक्सर फिरवा, फुकट. सात ते नऊमध्ये केलंत तर नव्या ट्रान्सफॉर्मरसाठी त्यांनी ठेवलेल्या डब्यात दोन रुपये टाका. "लाइट काय तुमच्या एकट्याच्या बापाची आहे?" असं त्या सेक्रेटरींनाही सुनवायच्या. आम्ही हसायचो, वैतागायचो, पण मी ऑफिसच्या साड्या सकाळीच इस्त्री करायला लागले. डब्यात पैसे टाकून ऐटीत संध्याकाळीच इस्त्री करणारेही होते मेले.

एका मे महिन्यात, ऐन संध्याकाळी, ट्रान्सफॉर्मर धाडकन उडाला. काकू पुठ्ठ्याने वारा घालत होत्या. त्यांचा हात भरून आला की मी घालत होते. डॉक्टर येईपर्यंत काका गेले.

"किसका इस्तरी?" हे काकूंनी त्या दिवशी विचारलं नाही. पुढेही कधीच नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण आपण होऊन सांगायचा, "आमची नव्हती हो." काकू नुसती मान हलवायच्या.

वर्गणी मग भराभर जमली. नवा ट्रान्सफॉर्मर बसला, त्या संध्याकाळी घरोघर सगळं चालू होतं. काकूंकडे गेले, तर रिकाम्या खाटेवर पंखा जोरात फिरत होता.

"बंद करू का काकू?"

"राहू दे गं. आता पुरतेय ना सगळ्यांना."

पंखा तसाच ठेवून मी घरी आले.

काकू लेकीकडे गेल्या, तिकडेच वारल्या. आता लाइट जात नाही. तरी सातनंतर इस्त्री लावली, की माझे कान पंख्याकडे लागतात. तो नीट फिरत असतो. गॅलरीतून कुणी ओरडत नाही. मी गुपचूप प्लग काढते.