मीनेच्या मधोमध

उन्हाळ्याच्या सुट्टीत शिबिर काढायचं, आमच्या शाळेतल्या आठवी-नववीच्या पोरांना घेऊन नदी बघत हिंडायचं, ही कल्पना माझीच. नदी म्हणजे मीना, वारूळवाडीच्या अंगाची. मे महिन्यात तिला नदी म्हणायचं म्हणजे नुसता मान राखायचा. इकडे डबकं, तिकडे शेवाळ, मधे वाळू उपसून केलेले खड्डे. पण आमच्या पोरांना आपली नदी पुलावरून जाताना दिसते तेवढीच ठाऊक, याचा मला राग यायचा. रागाच्या भरात मी बरीच कामं अंगावर घेते. सोबतीला विज्ञानाचे सर होते, तेही माझ्याच आग्रहाने.

त्या सकाळी पोरं दगड उलटून खेकडे आणि शिंपले शोधत होती. बहुतेक सगळी आमच्या काठाजवळ होती. माझी लेक आणि तिची मैत्रीण मात्र खड्डे ओलांडून पार पलीकडच्या खडकापाशी गेल्या होत्या. शिबिरात लेक माझ्याशी जरा फटकूनच वागायची. आपली आईच शिबिराची बाई असणं चौदाव्या वर्षी काही सुखाचं नसतं.

तेवढ्यात एक शेतकरी उतारावरून पळत आला. "पाणी सुटलं! पाणी सुटलं!"

आमच्याकडे हे रोजच कानावर पडतं. नळाला पाणी आलं की गल्लीभर हाच पुकारा. मी हसून म्हटलं, "मग घरी हंडे भरायला पळा की भाऊ, इकडं कुठं?"

"अवो म्याडम, नळाचं न्हाई! नदीला सुटलंय! वरल्या बंधाऱ्याचं पाणी अडवायचं ढापं काढल्यात. पोरं भायेर घ्या आधी!" एवढं बोलून तो डबक्यातली आपली मोटर वर ओढायला धावला.

सरांनी शिट्टी फुंकली, काठाजवळची पोरं धडपडत वर चढली. वळणाकडून खडी ओतल्यासारखा आवाज आला आणि मग पाणी दिसलं. गढूळ, प्लास्टिकच्या पिशव्या आणि पालापाचोळा पुढे ढकलत येणारं. फार उंच नव्हतं. पण आधी ते आमच्या बाजूच्या खड्ड्यांत शिरलं, आणि बघता बघता माझ्या आणि लेकीच्या मधून वाहायला लागलं.

"इकडं ये!" मी किंचाळले. "इकडं ये म्हणते ना!"

ती वळली. मैत्रिणीचा हात सोडून माझ्या दिशेने निघाली. पाणी तिच्या गुडघ्यांना लागलं तरी येत होती. मी काठावर हात पुढे करून उभी. मागून मैत्रिणीने तिची सॅक धरून खेचली, काहीतरी ओरडली, आणि दोघी उलट्या पलीकडच्या काठाकडे पळत सुटल्या. मला असा संताप आला! अशा वेळीसुद्धा कार्टी माझं ऐकत नाही.

"जाऊंद्या तिकडं," शेतकरी धापा टाकत म्हणाला. "तिकडं उथळ हाय. ह्या अंगाला पुरुषभर खड्डं हायेत, म्याडम."

पोरं सरांवर सोपवून मी स्कूटी काढली आणि पुलावरून फिरून पलीकडे गेले. त्या रस्त्यातलं मला काहीही आठवत नाही. दोघी बाभळीखाली बसल्या होत्या, कमरेपर्यंत भिजलेल्या, चक्क हसत. मी दोघींना घट्ट धरलं आणि मला रडू फुटलं.

"आई, नको ना. लोक बघतायत."

मैत्रिणीला तिच्या घरी सोडल्यावर मी विचारलं, "मी एवढी ओरडत होते, मग उलटी का पळालीस?"

"तिनं ओढलं म्हणून. नाहीतर आलेच असते."

"अगं, मधे खड्डे होते!"

"माहीत होते की मला," ती स्कूटीवर मागून म्हणाली. "पण तू बोलावत होतीस ना."